एफएम स्टेशन विकत घेताना खरे पैसे अंतराचे मोजले जातात

अमेरिकेतलं एखादं एफएम स्टेशन विकलं गेलं की चर्चा सुरू होते ती गाण्यांवरून. रॉक जाणार का, कंट्री येणार का, सकाळचा निवेदक राहणार का. मला ही सगळी चर्चा उलट्या टोकाने धरलेली वाटते. गाणी एका रात्रीत बदलता येतात, एफसीसी (परवाने देणारा अमेरिकेचा दळणवळण आयोग) त्यात पडतही नाही. स्टेशनची किंमत ठरते ती टॉवर आज कुठे आहे, उद्या कुठे सरकू शकतो आणि शेजारच्या मार्केटमधलं कोण त्याच्या वाटेत बसलंय, यावर.

आधी हिशोब बघा. सर्वात लहान, ए वर्गाचं स्टेशन म्हणजे जास्तीत जास्त ६ किलोवॅट आणि अँटेनाची उंची १०० मीटर. ही उंची टॉवरच्या पायथ्यापासून मोजत नाहीत. टॉवरपासून ३ ते १६ किलोमीटरच्या पट्ट्यातली जमीन सरासरी किती उंच आहे ते काढतात आणि अँटेना तिच्या किती वर आहे ते धरतात. एवढ्यावर ६० डीबीयूचा (डीबीयू हे सिग्नलच्या ताकदीचं माप), म्हणजे मीटरला १ मिलीव्होल्टचा कंटूर, म्हणजे तेवढा सिग्नल जिथवर पोचतो ती हद्द, साधारण २८ किलोमीटरवर पडतो. सर्वात मोठ्या सी वर्गाला १०० किलोवॅट आणि ६०० मीटर मिळतात, कंटूर जातो ९२ किलोमीटरवर. क्षेत्रफळात हा फरक दहापटीहून जास्त. ए वर्गाचा अँटेना २०० मीटरवर नेला तर तेच २८ किलोमीटर राखण्यासाठी पॉवर सुमारे दीड किलोवॅटवर आणावी लागते. त्यामुळे ‘सहाचं दीड झालं’ हे वाचून हळहळायचं कारण नाही. उंची चांगली असेल तर तेच स्टेशन डोंगराआड जास्त नीट पोचतं, आणि वीजबिलही कमी येतं.

आता गंमत अशी की स्टेशन जिथवर ऐकू येतं त्याच्या कितीतरी पुढे ते दुसऱ्याला त्रास देऊ शकतं. एकाच फ्रिक्वेन्सीवरच्या दोन स्टेशनांत हवा असलेला सिग्नल नको असलेल्यापेक्षा २० डीबीने वरचढ लागतो. म्हणजे समोरच्याच्या ६० डीबीयूच्या हद्दीवर तुमचा सिग्नल ४० च्या आत हवा. हा त्रासाचा कंटूर वेगळ्या वक्रावर (अंतरागणिक सिग्नल किती उरतो ते सांगणाऱ्या एफसीसीच्या आलेखावर) काढतात: फक्त १० टक्के वेळ जेवढा सिग्नल पोचेल तो. ए वर्गासाठी तो जवळपास ८७ किलोमीटरवर येतो. २८ आणि ८७ मिळून ११५, आणि नियमांच्या तक्त्यात ए–ए स्टेशनांतलं किमान अंतर बरोबर ११५ किलोमीटरच लिहिलंय. लगतच्या, म्हणजे ०.२ मेगाहर्ट्झ पलीकडच्या चॅनेलवर फरक ६ डीबीचाच लागतो, म्हणून अंतर ७२. दुसऱ्या-तिसऱ्या चॅनेलवर रेडिओचा फिल्टर इतका निवडक असतो की नको असलेला सिग्नल ४० डीबीने जास्त असला तरी चालतो, म्हणून फक्त ३१. हा तक्ता ज्याने एकदा समजून घेतला, त्याला स्टेशनांच्या खरेदी-विक्रीच्या निम्म्या बातम्यांचं कारण आपोआप कळतं.

उदाहरणार्थ, एखादा मालक दुसऱ्याच मार्केटमधलं, तोट्यातलं, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं स्टेशन का घेतो? बऱ्याचदा ते चालवायला नव्हे, हलवायला किंवा लहान करायला. त्याचा वर्ग खाली आणला किंवा टॉवर पलीकडे सरकवला की शंभरेक किलोमीटरवरच्या त्याच्याच दुसऱ्या स्टेशनला पॉवर वाढवायला जागा होते. लहान स्टेशनची किंमत त्याच्या हिशोबवहीत कधीच दिसत नाही. ती दुसऱ्या स्टेशनच्या वाढीव श्रोत्यांत दिसते.

सी वर्गातल्या आळशी मालकांसाठी एक नियम आहे, आणि तो मला अगदी रास्त वाटतो. परवाना पूर्ण सीचा, पण अँटेना ४५१ मीटरच्या खाली, असं असेल तर जागेची गरज असलेला दुसरा अर्जदार त्याला एक पायरी खालच्या सी-शून्य वर्गात ढकलण्याची मागणी करू शकतो. मालकाला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. उंची वाढवणार म्हटलं तर १८० दिवसांत तसा अर्ज टाकावा लागतो. नाही टाकला, तर वर्ग गेला. एकाच चॅनेलवर ए वर्गाला सीपासून २२६ किलोमीटर लांब राहावं लागतं, सी-शून्यपासून २१५. लगतच्या चॅनेलवर १६५ चे १५२ होतात. अकरा-तेरा किलोमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण तेवढ्यात टॉवर डोंगराच्या या बाजूचा त्या बाजूला जातो.

फ्रिक्वेन्सी बदलण्याबद्दलही बरेच गैरसमज आहेत. मनात आलं आणि ९४.१ वरून १०३.७ वर गेलो, असं होत नाही. किरकोळ बदलाच्या साध्या अर्जात स्वतःच्या वर-खाली तीन चॅनेलपर्यंत जाता येतं, किंवा ५३-५४ चॅनेल लांब. दुसरा आकडा विचित्र वाटतो, पण रेडिओच्या आतल्या १०.७ मेगाहर्ट्झच्या टप्प्यामुळे तेवढ्या अंतरावरची स्टेशनंही एकमेकांना बाधतात. दुसऱ्याच्या सोयीसाठी तुम्हाला सक्तीने चॅनेल बदलावं लागलं तर वाजवी खर्च ज्याचा फायदा होतो त्याने द्यायचा. १९६७ च्या ओहायोतल्या सर्कलव्हिल प्रकरणापासून हे धोरण चालत आलंय. यंत्रांचा खर्च, छपाई, नवा आकडा लोकांच्या कानावर घालायची जाहिरात, सगळं त्यात येतं.

यंत्रांच्या खर्चाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. आजकालचा सॉलिड स्टेट ट्रान्समीटर पूर्ण बँडवर चालतो, त्याला नवी फ्रिक्वेन्सी द्यायला फार वेळ लागत नाही. जुना ट्यूबचा असेल तर कॅव्हिटी पुन्हा ट्यून करावी लागते. खरं दुखणं पुढे सुरू होतं. अँटेनाचे बे (टॉवरवर एकाखाली एक लावलेले सुटे भाग) बहुधा एकाच फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेले असतात. टॉवर सामायिक असेल तर कंबाइनरचे (अनेक स्टेशनांचे सिग्नल एकाच अँटेनात सोडणाऱ्या यंत्राचे) फिल्टर बदलावे लागतात, आणि तेवढा वेळ बाकीच्या स्टेशनांनाही पॉवर कमी करावी लागते किंवा पर्यायी अँटेनावर जावं लागतं, म्हणजे सगळ्यांच्या मिनतवाऱ्या. त्यात ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत तांब्याची कडक लाईन असेल तर तुकड्यांची लांबी तपासावी लागते. २० फुटी तुकडे ९८ मेगाहर्ट्झच्या आसपास नकोत. तिथे २० फूट म्हणजे जवळपास दोन पूर्ण तरंगलांब्या. प्रत्येक जोडावरचं बारीकसं परावर्तन एकाच तालात मिळत जातं आणि ट्रान्समीटरला परत आलेली पॉवर दिसायला लागते. तिथे साडेएकोणीस फुटी तुकडे वापरतात. हे खरेदीच्या करारात कुणी लिहीत नाही, आणि चॅनेल बदलल्यावर अख्खी लाईन उतरवायची वेळ येते.

पॉवरचाही एक छोटा हिशोब. चार बेच्या गोलाकार ध्रुवीकरणाच्या अँटेनाचा गेन (सिग्नल आडव्या दिशेत एकवटल्याने पॉवर जितक्या पट होते तो आकडा) साधारण २.१, लाईनमधून ८५ टक्के पोचलं असं धरा. ६ किलोवॅट बाहेर काढायला ट्रान्समीटरमधून सुमारे ३.४ किलोवॅट लागतात. विकणारा अडीच किलोवॅटचा ट्रान्समीटर दाखवून ‘पूर्ण ६ किलोवॅट’ म्हणत असेल तर बे मोजा.

आता गावांचं बोलू. प्रत्येक स्टेशनला एक परवान्याचं गाव असतं आणि त्या गावावर ७० डीबीयूचा सिग्नल पोचवायचा असतो. ए वर्गात तो जेमतेम १६ किलोमीटर जातो. मग मालक काय करतात? शहरापासून नेमकं तेवढ्या अंतरावरचं गाव शोधतात, ज्याचं स्वतःचं स्टेशन नाही. ‘या गावाला पहिली स्थानिक सेवा देतोय’ म्हणून अर्ज टाकतात आणि टॉवर शहराच्या कडेला उभा करतात. २००६ च्या आदेशाने हा गावबदल साध्या अर्जावर आणला आणि सुळसुळाट झाला. २०११ मध्ये एफसीसीने लगाम घातला: नव्या जागेवरून शहरी पट्ट्याचा निम्मा किंवा जास्त भाग झाकला जात असेल, किंवा झाकता येत असेल, तर ती सेवा गावाची नव्हे, शहराची असंच धरायचं. अर्जदाराला पुरावे देऊन ते खोडता येतं, पण निदान ओझं त्याच्यावर आलं. माझ्या मते हे योग्यच होतं, पण पाच वर्षं उशिरा. तोवर ज्यांना शहराकडे सरकायचं होतं त्यातले बरेच सरकून गेले. २०१७ मध्ये गावात किंवा गावाजवळ मुख्य स्टुडिओ ठेवायची अटही काढली, आणि गाव कागदापुरतं उरलं. २०१९ मध्ये क्युम्युलस या रेडिओ कंपनीने सहा स्टेशनं एज्युकेशनल मीडिया फाउंडेशन या धार्मिक प्रसारण संस्थेला १०.३५ कोटी डॉलरला विकली. त्यात न्यूयॉर्कच्या ९५.५ बरोबर अटलांटाचं म्हणून ओळखलं जाणारं १०६.७ होतं, त्याच्या परवान्यावर गाव आहे गेन्सव्हिल. तासाच्या टोकाला होणारी कायदेशीर ओळख कान देऊन ऐका, कॉल अक्षरांच्या (स्टेशनच्या अधिकृत अक्षरी ओळखीच्या) लगेच पुढे जे गाव घेतात ते परवान्याचं.

दोन अटी मात्र अजून आडव्या येतात. गावातलं एकमेव स्टेशन उचलून नेता येत नाही, त्या जागी दुसरं ठेवावं लागतं. आणि नवी जागा जुन्या जागेशी तांत्रिकदृष्ट्या न जमणारी हवी, म्हणजे दोन्ही एकाच वेळी चालू शकणार नाहीत इतकी जवळ. नाहीतर तो नवा परवाना ठरला असता आणि त्यावर इतरांनाही हक्क सांगता आला असता.

कडेवरून शहर झाकणाऱ्या स्टेशनांवर माझा फारसा विश्वास नाही. कागदावर ६० डीबीयूच्या आत लाखो माणसं दिसतात. गाडीत आवाज स्वच्छ येतो, पण काँक्रीटच्या इमारतीत टेबलावरच्या रेडिओला ७० सुद्धा कमी पडतो. वक्र १६ किलोमीटरच्या पुढची टेकडी बघतच नाही, म्हणून लाँगली-राइसचा, म्हणजे प्रत्यक्ष डोंगरदऱ्या धरून सिग्नल काढणाऱ्या पद्धतीचा, नकाशा वेगळा काढून घ्यावा. उन्हाळ्यातल्या पहाटे वातावरणात थर तयार झाले की दूरचं त्याच फ्रिक्वेन्सीचं स्टेशन येऊन बसतं. लगतच्या चॅनेलवर कुणी एचडी (एफएमसोबतचं डिजिटल प्रसारण) चालू केलं असेल तर त्याचे डिजिटल पट्टे मध्यापासून १२९ ते १९८ किलोहर्ट्झवर, म्हणजे थेट तुमच्या चॅनेलमध्ये पडतात, आणि सर्वात आधी जाते ती हीच कडेची हद्द.

मालकीची मर्यादा मोजतात ती निल्सन या श्रोतेमापन कंपनीच्या मेट्रोवर, म्हणजे तिने आखलेल्या शहरी मार्केटवर. ४५ किंवा जास्त स्टेशनांच्या मार्केटमध्ये एका मालकाला आठ, पण त्यात एफएम पाचच. म्हणून एखादं स्टेशन कोणत्या मेट्रोचं धरलंय याला पैशात किंमत आहे, आणि मेट्रो बदलून घेऊन लगेच फायदा उपटता येऊ नये म्हणून दोन वर्षांची अट आहे.

व्यवहाराचा क्रम ठरलेला: करार, एस्क्रोत (तिसऱ्याच्या ताब्यात) अनामत, एफसीसीकडे हस्तांतराचा अर्ज, सार्वजनिक सूचना, हरकतींसाठी ३० दिवस, मंजुरी, मग ९० दिवसांत व्यवहार पूर्ण. सावध खरेदीदाराचा वकील मंजुरीनंतर ४० दिवस थांबतो, कारण तोवर आदेश फिरवला जाऊ शकतो. मधल्या काळात नवा मालक वेळ विकत घेऊन कार्यक्रम चालवायला लागतो, म्हणून गाणी आधी बदलतात आणि विक्री पूर्ण झाल्याची बातमी मागून येते. त्याच मार्केटमध्ये त्याची आधीच स्टेशनं असतील तर आठवड्याच्या १५ टक्क्यांहून जास्त वेळ घेतला की ते स्टेशनही त्याच्या मर्यादेत मोजलं जातं.

सौद्यात २५० वॅटचा ट्रान्सलेटर (दुसऱ्या स्टेशनचा कार्यक्रम पुन्हा प्रसारित करणारं छोटं केंद्र) जोडून दिला असेल तर त्याची किंमत वेगळी काढा. तो दुय्यम सेवेत मोडतो, पूर्ण पॉवरचं कुणी आलं तर त्याला उठावं लागतं. टॉवर भाड्याचा असेल तर करार किती वर्षं उरलाय, अँटेना कोणत्या उंचीवर लिहिलाय आणि फ्रिक्वेन्सी बदलायला जागामालकाची परवानगी लागते का, ही तीन कलमं आधी वाचा.