टोगा चढवला की झाले?

मुलांसाठी ऐतिहासिक रहस्यकथा लिहिणे हे सोपे काम आहे, आजच्या मुलांना टोगा (प्राचीन रोमन झगा) चढवून हेरगिरीला लावले की पुस्तक तयार होते, त्याला अभ्यास लागत नाही आणि इतिहासातले भयंकर ते गाळून टाकता येते, असे मत सध्या फार आत्मविश्वासाने मांडले जाते. ‘रोमन मिस्टरीज’ या मालिकेच्या लेखिका कॅरोलाइन लॉरेन्स यांची कारकीर्द पाहता हे मत टिकत नाही. त्यातला एकच मुद्दा अर्धा खरा आहे.

प्रथम अभ्यासाविषयी. १९५४ साली लंडनमध्ये जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियात वाढलेल्या लॉरेन्स यांनी बर्कली व केंब्रिज येथे ग्रीक-रोमन विद्येचे शिक्षण घेतले, पुढे लंडनमध्ये हिब्रू व ज्यू विद्येचा अभ्यास केला आणि प्राथमिक शाळेत लॅटिन शिकवली. त्यांची पहिली कादंबरी २००१ साली, वयाच्या पंचेचाळिशीनंतर आली.

सोपेपणाचा दावा तर मालिकेची रचना पाहताच कोसळतो. सतरा कादंबऱ्यांचा कथाकाळ जेमतेम सव्वादोन वर्षांचा, म्हणजे इ. स. ७९ ते ८१ असा आहे, आणि त्यात व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक, रोममधली आग, कोलोसियमचे उद्घाटन व सम्राट टायटसचा मृत्यू या घटना इतिहासाने आधीच ठोकून बसवलेल्या आहेत. एरवी रहस्यकथेत कोण कधी मरणार हे लेखक ठरवतो. येथे थोरला प्लिनी हा रोमन ग्रंथकार उद्रेकात मरणारच, त्यामुळे वाचकाची उत्कंठा लेखिकेला दुसरीकडे कुठेतरी शोधावी लागते. (हे जमवून पाहावे, मग सोपे म्हणावे.)

भयंकर ते गाळले जाते, हे म्हणणे तर पुस्तके न वाचताच केलेले दिसते. चार नायकांपैकी न्यूबिया गुलामांच्या बाजारात विकली जाते, लूपसची जीभ कापलेली आहे, आणि ज्यू घराण्यातल्या जोनाथनच्या मागे ७० सालच्या जेरुसलेमच्या विध्वंसाची सावली आहे. तो विध्वंस करणारा टायटसच आता सम्राट आहे.

मुले आजची वाटतात, हा आक्षेप मात्र निम्मा मान्य करावा लागतो. चौथी नायिका, जहाजाच्या कप्तानाची मुलगी फ्लाव्हिया, हिने बंदरात इतके मोकळे हिंडणे आणि जिला विकत घेतले त्या न्यूबियाशी बरोबरीची मैत्री करणे, हे आपल्या काळाचे आहे. तरीही मुलींच्या लग्नाचे कायदेशीर वय तेव्हा बारा होते, आणि तो धाक मालिकेत पुढे फ्लाव्हियाच्या पाठीशी लागतोच.

राहिला मुद्दा उद्रेकाच्या तारखेचा. मालिकेत तो ऑगस्टमध्ये होतो आणि ही अभ्यास नसल्याची खूण म्हणून दाखवली जाते. पण उद्रेकाचे वर्णन करणाऱ्या, प्लिनीच्या भाच्याच्या पत्राच्या प्रचलित पाठात २४ ऑगस्ट हीच तारीख आहे. त्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरातल्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली, ऑक्टोबरकडे बोट दाखवणारी ओळ सापडली ती २०१८ साली, आणि तोवर मालिका संपून नऊ वर्षे झाली होती.