‘पुस्तकी युरोपप्रेम’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

युरोपीय कोळसा आणि पोलाद समुदायावरच्या (फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि आणखी चार देशांनी पॅरिस कराराने आपला कोळसा-पोलाद एका सामायिक प्राधिकरणाखाली आणला, तो समुदाय) माझ्या लेखाखाली एका वाचकांनी, नाव न देता, प्रतिक्रिया लिहिली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी आधी ती पूर्ण देतो. सोयीचं तेवढं उचललं असं कोणी म्हणायला नको.

“हे सगळं पुस्तकी युरोपप्रेम आहे. युद्धानंतर तिथली सरकारं एकत्र आली ती अमेरिकेच्या पैशामुळे आणि रशियाच्या भीतीमुळे. त्यात शहाणपण शोधायला लेखक महाशयांइतका निवांत वेळ हवा. पॅरिस कराराची तारीखही चुकली आहे. हीच सरकारं तेव्हा अल्जीरियात काय करत होती, ते मात्र लेखात कुठेच नाही. गोवा दाबून बसलेला पोर्तुगालही १९४८ च्या युरोपीय आर्थिक सहकार्य संघटनेचा संस्थापक सभासद होता, हे तुम्हाला माहीत तरी आहे का?”

तारखेबद्दल आपलं बरोबर आहे. सह्या झाल्या १८ एप्रिल १९५१ रोजी. मी लिहिलेली २३ जुलै १९५२ ही करार अमलात आल्याची तारीख. चूक माझी, आणि ती दाखवल्याबद्दल आभार.

आता बाकीचं. मतभेदाचं मला वावडं नाही. इतकी वर्षं लिहितोय, माझ्या लेखांखाली माझ्याविरुद्ध लिहिलेलं भरपूर सापडेल आणि त्यातलं एकही मी काढलेलं नाही. पण ‘पुस्तकी’, ‘लेखक महाशय’, ‘निवांत वेळ’, ‘माहीत तरी आहे का’ हे मतभेद नव्हेत. समोरच्याला आधी खाली बसवायचं आणि मग त्याच्याशी बोलायचं, अशी ही रीत आहे. एवढ्या सहा वाक्यांत चार टोमणे कशाला लागतात? मुद्दा भक्कम असेल तर तो टोमण्यांवाचून उभा राहतो.

आणि पुस्तकी म्हणताय म्हणून सांगतो, एरवी सांगितलं नसतं. मी नऊ वर्षं सारब्रुकनमध्ये, म्हणजे जर्मनीच्या सार प्रांतातल्या फ्रान्सच्या सरहद्दीवरच्या शहरात, राहिलो आहे. नोकरी मालवाहतुकीतली, म्हणजे दिवसभर डबे, वजनं आणि दरपत्रकं. रविवारी जर्मनीतली दुकानं बंद, म्हणून ट्रामने सारगेमीनला पाव आणायला जायचो. सारगेमीन फ्रान्समध्ये. ट्राम सरहद्द कधी ओलांडते ते पहिले काही महिने मला कळलंसुद्धा नव्हतं. शहराच्या डोक्यावर श्पिशेरनची टेकडी आहे, तिथे १८७० साली फ्रेंच आणि प्रशियन सैन्यांची लढाई झाली. पावाची पिशवी मांडीवर घेऊन त्या टेकडीकडे बघत परत यायचो. हे मी कुठल्या ग्रंथालयात वाचलेलं नाही.

माझ्या घरमालकीणबाईंचे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. बाईंकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. एकदा त्यांनी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडा केला. बटणं, एक तुटका चष्मा आणि पिवळसर नाणी. नाण्यावर ‘सारलांड’ असं प्रदेशाचं नाव जर्मनमध्ये, आणि चलन ‘फ्रांकेन’, म्हणजे फ्रेंच फ्रँकच, फक्त नाव जर्मन वळणाचं. युद्धानंतर सार प्रांत जर्मनीपासून तोडून आर्थिकदृष्ट्या फ्रान्सला जोडला होता, त्या काळातली ती नाणी. जकातीची चौकी तेव्हा फ्रान्सच्या बाजूला नव्हती, जर्मनीच्या बाजूला होती. काइझर्सलाउटर्नच्या मावशीकडे जायचं तर पिशव्या उघडून दाखवाव्या लागत, असं बाई सांगायच्या. मग १९५९ च्या जुलैमध्ये एका रात्रीत चौकी पश्चिमेला सरकली आणि पैसे बदलले. बाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. चार नाणी त्यांनी बदलून घेतलीच नाहीत.

मधल्या काळात काय झालं ते जरा शांतपणे ऐका, कारण माझा लेख याच्याबद्दलच होता. सारमध्ये कोळसा होता आणि फ्रान्सला तो हवा होता. पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर आडेनाउअर आणि फ्रान्सचे पंतप्रधान मांदेस-फ्रान्स यांनी १९५४ मध्ये तोडगा काढला की सारला ‘युरोपीय’ दर्जा द्यायचा, म्हणजे ते जर्मनीतही जायचं नाही आणि फ्रान्समध्येही नाही. २३ ऑक्टोबर १९५५ रोजी सारच्या लोकांनी मतदान केलं आणि दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी तो तोडगा फेटाळला. जर्मनीत जायचंय, असा त्याचा सरळ अर्थ होता. याच्या दहा वर्षं आधीपर्यंत ज्या दोन देशांनी एकमेकांची शहरं उद्ध्वस्त केली, त्यांच्यात यावरून काय व्हायला हवं होतं? फ्रान्सने निकाल मान्य केला. १ जानेवारी १९५७ ला सार पश्चिम जर्मनीत गेलं. मोझेल नदी मोठ्या बोटींसाठी खोल करून द्यायची, सारमधल्या वार्न्टच्या पट्ट्यातला कोळसा आणखी काही वर्षं फ्रान्सने काढायचा, असे व्यवहार टेबलावर बसून झाले. आणि त्याच वर्षी २५ मार्चला दोन्ही देशांनी रोमच्या करारावर, म्हणजे युरोपच्या सामायिक बाजारपेठेच्या करारावर, सह्या केल्या. ज्या कोळशासाठी भांडायचं तो आधीच सामायिक प्राधिकरणाच्या नियमांखाली आलेला होता, म्हणून तो प्रांत सोडून देणं फ्रान्सला जमलं. हे शहाणपण नसेल तर शहाणपण कशाला म्हणायचं ते आपणच सांगा.

आता पैसा आणि भीती. मार्शल योजनेचे, म्हणजे युद्धानंतर अमेरिकेने युरोपला दिलेल्या मदतीचे, सुमारे १३ अब्ज डॉलर आले हे मी नाकारलेलं नाही, लेखात ते आहे. वाचलंत का? पण त्यातला सर्वांत मोठा वाटा कोणाला मिळाला? ब्रिटनला. आणि जून १९५० मध्ये शूमान योजनेला, म्हणजे ज्यातून हा समुदाय उभा राहिला त्या फ्रेंच प्रस्तावाला, नकार कोणी दिला? ब्रिटननेच. पैशाने माणसं एकत्र बसत असती तर सगळ्यांच्या आधी लंडनने सही केली असती.

भीतीचंही तेच. कोरियात युद्ध पेटलं तेव्हा अमेरिकेला पश्चिम जर्मनीचं सैन्य हवं होतं, आणि त्यासाठी निघालेल्या युरोपीय संरक्षण समुदायामागे, म्हणजे सामायिक युरोपीय सैन्याच्या योजनेमागे, ती पूर्ण जोर लावून उभी होती. करार झाला, सह्या झाल्या. आणि ३० ऑगस्ट १९५४ रोजी तो फ्रान्सच्याच संसदेत पडला. योजना मुळात फ्रान्सची, वर अमेरिकेचा दबाव, रशिया समोर उभा, तरी पडला. म्हणजे पैसाही होता, भीतीही होती, आणि तरीही काही गोष्टी झाल्या, काही झाल्या नाहीत. ज्या झाल्या त्या का झाल्या, हा प्रश्न मी विचारला होता. तुम्ही त्याच्यावरून एका वाक्यात गाडी घालून पुढे गेलात.

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो, कारण यात तुम्ही मला पुस्तकी ठरवू शकणार नाही. पूर्वी कोळशाची वाघीण सरहद्दीवर आली की कागदोपत्री एक प्रवास तिथे संपायचा आणि दुसरा सुरू व्हायचा. डबा तोच, रूळ तेच, कोळशाचा एक खडाही हलत नसे, पण माल उतरवून पुन्हा चढवल्यासारखा आकार लागायचा. शिवाय लांब अंतराला दरात जी सूट मिळते ती सरहद्दीवर तुटायची. फ्रान्समधल्या लॉरेनचं लोहखनिज आणि जर्मनीतल्या रूरचा कोक एकमेकांपासून इतके जवळ, तरी त्यांच्यामध्ये ही न दिसणारी भिंत. समुदायाने १९५५ पासून कोळसा-पोलादासाठी सरहद्द ओलांडून जाणारे सलग दर लावायला सुरुवात केली. बाईंच्या वडिलांना तो बदल आयुष्यभर आठवत होता. भाषणं आठवत नव्हती. आपण पूर्वी दोनदा भरत असलेला तक्ता एकदाच भरायचा, हे आठवत होतं. पहिले अध्यक्ष ज्यां मोने यांनी लक्झेंबर्गमध्ये बसवलेलं समुदायाचं उच्च प्राधिकरण म्हणजे मुख्यतः हेच काम होतं: दर, आकार, कोटा, आणि उत्पादनावर थेट बसवलेली पट्टी, म्हणजे दर वर्षी सहा सरकारांपुढे वर्गणीसाठी हात पसरायला नको. असल्या कंटाळवाण्या कामाला अमेरिकेचा धाक पुरत नाही. त्याला वर्षानुवर्षं बसणारी माणसं लागतात.

अशी दरपत्रकं करत मी नऊ वर्षं काढली. त्यामुळे ‘निवांत वेळ’ हा शब्द मला लागला, हे लपवत नाही.

अल्जीरिया (तेव्हा फ्रान्सच्या ताब्यातला) आणि गोवा हे वेगळे विषय आहेत. पोर्तुगालच्या सभासदत्वाबद्दल मला माहीत होतं. पण माझा लेख सहा देश आणि दोन वस्तूंवर होता. प्रत्येक लेखात सगळंच आलं पाहिजे असा हट्ट धरला तर कोणालाच काही लिहिता येणार नाही. त्यावर आपल्याला लिहायचं असेल तर जरूर लिहा, नावानिशी लिहा, मी वाचेन.

लेखातली तारीख आज सकाळी दुरुस्त केली आहे.