नाकारू नका, दमवा

विमा कंपनीच्या क्लेम विभागाची सूत्रे तुमच्या हाती आली आहेत आणि ‘क्लेमचा कारभार सुधारा’ असे वरून फर्मान आले आहे. घाबरू नका. कारभार कोणी पाहत नाही, आकडे सुधारले की झाले.

सर्वात आधी, उठसूट क्लेम नाकारायची खोड सोडा. नकाराला कारण लागते, ते लेखी द्यावे लागते आणि तोच कागद घेऊन माणूस उद्या कोर्टाची पायरी चढतो. ‘आपला क्लेम प्रक्रियेत आहे’ या वाक्याविरुद्ध अपील करून दाखवा म्हणावे!

प्रक्रिया म्हणजे कागद मागणे. पण एकेक. पूर्ण यादी एकदम दिलीत तर काही चिवट लोक दोन दिवसांत सगळे जमवून आणतात. आधी डिस्चार्जचा कागद मागा. तो आला की मूळ बिले. बिले आली की त्यांवर डॉक्टरांचा शिक्का. शिक्का आला की तो पुसट आहे म्हणा. मधूनमधून फाइल नव्या माणसाकडे द्या, म्हणजे आजारपणाची कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागेल. घरात नुकताच कोणी गेलेला असेल तर माणूस लवकर दमतो, हा अनुभव आहे.

तरीही जो टिकला, त्याने ‘माहिती दडवली’ का ते तपासा. ही तपासणी पॉलिसी विकताना चुकूनही करू नका, प्रीमियम बुडेल. तेव्हा आजारांच्या प्रश्नांपुढे एजंट भराभर ‘नाही, नाही’ लिहीत गेला तर जाऊ द्या. जुन्या खोकल्याची चिठ्ठी क्लेम आल्यावरच शोधायची असते. याला परम सद्भावाचे, म्हणजे करार करताना काहीही न दडवण्याचे, तत्त्व म्हणतात. त्याच्या इतिहासात मात्र शिरू नका. १७६६ साली इंग्लंडचे न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी ‘कार्टर विरुद्ध बोहम’ खटल्यात हे तत्त्व मांडले. सुमात्रातल्या एका किल्ल्याच्या गव्हर्नराने शत्रूच्या हल्ल्याविरुद्ध विमा काढला होता. किल्ला फ्रेंचांनी घेतला, तेव्हा विमा देणारा म्हणाला, किल्ला कच्चा आहे हे आम्हाला सांगितलेच नाही. निकाल गव्हर्नराच्या बाजूने लागला. वर हा सद्भाव दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो, असेही न्यायमूर्ती बोलून गेले. प्रशिक्षणात तत्त्वाचे नाव तेवढे ठेवा.

मालमत्तेच्या क्लेमला इतके कष्ट नाहीत, तिथे गणितच आपल्या बाजूचे आहे. शंभराच्या गोदामाचा पन्नासाचा विमा असेल, तर विमा निम्म्याचाच म्हणून चाळीसच्या नुकसानीलाही निम्मे, वीसच द्यायचे. पन्नासाच्या आतलेच नुकसान आहे, मग पूर्ण का नाही, असे मालक विचारेल. त्याला कलमाचा क्रमांक सांगा, अर्थ नको. द्यायच्या त्या विसातूनही जुनेपणाचा घसारा वजा करा.

आता आकडे. ज्यांनी कंटाळून उत्तरे देणे सोडले, त्यांच्या फायली ‘कागदपत्रांअभावी बंद’ या रकान्यात टाका. त्या नाकारलेल्यांत मोजायच्या नाहीत, प्रलंबितांतही नाहीत. दोन्ही रकाने कसे स्वच्छ दिसतात बघा. आणि पैसे तोवर गुंतवणुकीत व्याज कमावत असतातच.

एखाद्याला द्यावेच लागले, तर पैशांच्या आधी ‘पूर्ण व अंतिम समाधान झाले’ अशा पावतीवर सही घ्या. सही करताना हात थरथरला, तर सही जुळत नाही म्हणून परत पाठवा.