‘लो-प्रेशर लाइन आहे, पेट्रोलचा पाइप चालतो’: नाही चालत

जुन्या ऑटोमॅटिक गाड्या वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: गिअरबॉक्समधलं तेल थंड करायला रेडिएटरमधल्या कूलरकडे नेणारी नळी, म्हणजे कूलर लाइन, गळत असेल तर नवी लाइन घेऊ नका. गंजलेला तुकडा कापा, पेट्रोलचा रबरी पाइप घाला, दोन्ही बाजूंना दोन-दोन क्लिपा आवळा. लो-प्रेशर लाइन आहे, आयुष्यभर टिकेल. सांध्यातून गळत असेल तर नट अजून पिळा, आट्यांना टेफ्लॉन टेप लावा. तरी थेंब येत असेल तर गळतीबंद औषध ओता, नाहीतर कूलर बायपास करा. अगदीच काही नाही तर तेल घालत राहा.

यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो इतका पसरतो.

‘लो-प्रेशर लाइन आहे’

ब्रेकच्या लाइनशी किंवा गिअरबॉक्सच्या आत क्लच दाबणाऱ्या तेलाशी तुलना केली तर हो, दाब कमी असतो. एरवी तो दोन आकडी पीएसआयमध्येच राहतो. पण कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट असताना, किंवा कूलर आतून अर्धवट तुंबलेला असताना, तो बराच वर चढतो. साधा पेट्रोलचा होज, म्हणजे ३०आर७ दर्जाचा, सुमारे ५० पीएसआयच्या कामासाठी असतो. शिवाय दाब हा प्रश्नाचा अर्धाच भाग. टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिनचा जोर तेलाच्या मार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) कूलरकडे निघालेलं तेल हे गिअरबॉक्समधलं सगळ्यात तापलेलं तेल असतं. निवांत चालवताना ८०–९० अंश सेल्सिअस धरा. लांब चढावर किंवा मागे ट्रेलर ओढताना ते १२० च्याही पुढे जातं. त्या उष्णतेत चुकीचं रबर कडक होतं, मग त्याला तडे जातात. ट्रान्समिशन ऑइल कूलरच्या होजसाठी एसएई जे१५३२ हे वेगळं मानक आहे. दुकानात होजच्या अंगावर काय छापलंय ते वाचून घ्या. छपाईच नसेल तर तो होज या कामाचा नाही.

‘कापा आणि क्लिपा लावा’

खरी गडबड इथे आहे.

रबरी होज स्टीलच्या नळीवर केवळ क्लिपेच्या जोरावर टिकत नाही. कारखान्यात नळीच्या टोकाला एक फुगवटा काढलेला असतो. क्लिप त्याच्या मागे बसते आणि होज निसटू देत नाही. करवतीने कापलेल्या गुळगुळीत टोकाला तो फुगवटा नसतो. तेलाने ओलसर झालेला, तापलेला होज त्यावरून हळूहळू सरकत राहतो. दोनाऐवजी चार क्लिपा लावल्या तरी सरकतोच. आणि तो निघतो तेव्हा थेंब पडत नाहीत, पंप अख्खं तेल बाहेर ओततो. काही मिनिटांत गिअरबॉक्स कोरडा होतो, क्लच घसरून जळतात. तेच तेल लालबुंद एक्झॉस्टवर उडालं तर आग लागते. टोकाला फुगवटा काढायचं हत्यार मिळतं, ते वापरा. क्लिपही खाचा असलेल्या पट्टीची नको, ती रबर कापते. फ्युएल इंजेक्शनसाठी मिळणारी, गुळगुळीत पट्टीची आणि वळवलेल्या कडांची क्लिप घ्या.

होजचा जोड मुळातच पाप आहे असं मी म्हणत नाही. इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून बऱ्याच मूळ लाइनींमध्येही मध्ये रबराचा तुकडा असतोच. माझा आक्षेप आहे तो जागेला. लाइन गंजते ती बहुधा चॅसीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखाली, जिथे चिखल आणि मीठ अडकून राहतं. एका पट्टीखाली भोक पडलं असेल तर पुढच्या पट्टीखाली काय असेल? कापलेल्या जागेपासून दोन बोटांवरचा पत्राही कागदासारखा झालेला असतो. क्लिप आवळली की दबतो. जोड द्यायचाच तर चांगल्या धातूपासून चांगल्या धातूपर्यंत. माझा कल मात्र अख्खी लाइन बदलण्याकडे.

मूळ लाइन मिळत नसेल तर कुप्रोनिकेलची, म्हणजे साधारण नव्वद टक्के तांबं आणि दहा टक्के निकेल असलेली नळी घ्या. ती हाताने वळते, फ्लेअर (टोकाला काढलेली पसरट कड) सहज निघतो आणि गंजत नाही. शुद्ध तांब्याची नळी नको. थरथरीने ती कडक होऊन तडकते. पितळी रिंग दाबून बसवायचे कॉम्प्रेशन जोडही टाळा, थरथरीत ते सैल होतात. करवतीऐवजी ट्यूब कटर वापरा, आणि बसवण्याआधी नळीत हवा मारा. परतीच्या लाइनमधला कीस थेट गिअरबॉक्समध्ये जातो.

‘नट अजून पिळा, टेप लावा’

आधी सांधा कोणत्या जातीचा आहे ते बघा. फ्लेअर असेल तर धातूवर धातू बसून तेल अडतं. आट्यांचं काम फक्त दाबून धरण्याचं. तिथे टेप लावून काहीच अडत नाही, उलट तिचे धागे सुटून व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाच्या वाटा उघडबंद करणाऱ्या भागात, जाऊ शकतात. क्विक-कनेक्ट, म्हणजे दाबून अडकवायचा सांधा असेल तर आत ओ-रिंग (रबरी कडी) आणि तारेची क्लिप असते. ओ-रिंग म्हातारी झाली की बाहेरचा नट कितीही पिळा, गळती तशीच. ओ-रिंग आणि क्लिप बदला किंवा अख्खं फिटिंग. काही गिअरबॉक्सच्या कवचात निमुळत्या आट्यांचा अडॅप्टर असतो. तेवढ्या एका ठिकाणी सीलंट लागतो, तोही द्रव.

आणि रेडिएटरच्या बाजूला नेहमी दोन पाने लागतात, एक फिटिंग धरायला आणि एक नट फिरवायला. एकाच पान्याने जोर लावला की लाइन पिळवटते किंवा रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी फुटते. मग लाइनच्या दुरुस्तीत रेडिएटर पण आला.

‘औषध ओता’

ही औषधं कडक झालेल्या रबरी सीलला मऊ करून फुगवतात. जुन्या शाफ्ट सीलवर काही काळ गुण येतो. स्टीलच्या भोकाला फुगण्यासारखं काहीच नसतं.

‘कूलर बायपास करा’

बायपास केल्यावर गळती थांबते, पण तापलेलं तेल तसंच परत फिरतं. गाडी टो करून आणायला जे लागेल ते जळालेल्या गिअरबॉक्सहून स्वस्त.

‘तेल घालत राहा’

कुठलं तेल कुठून जातंय हे या सल्ल्यात कोणी विचारतच नाही. बऱ्याच गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही एटीएफच, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच तेल असतं, आणि वाऱ्याने तेल मागे पसरतं, त्यामुळे जिथे थेंब दिसतो तिथे गळती असतेच असं नाही. खालचा भाग डीग्रीझरने स्वच्छ करून वाळवा, इंजिन चालू करा आणि सगळ्यात वरची ओली जागा शोधा.

सगळं कोरडं असूनही गिअरबॉक्सच्या डिपस्टिकवर गुलाबी, दुधाळ तेल दिसलं तर गळती रेडिएटरच्या आत आहे. कूलंट तेलात शिरलंय. २००५ ते २०१० दरम्यानच्या निसान पाथफाइंडर, फ्रंटियर आणि एक्सटेरा याच कारणाने बदनाम झाल्या. पाणी आणि ग्लायकॉल क्लचच्या अस्तराचा चिकटा सोडवतात, म्हणून अशी गाडी पुन्हा चालू करून बघू नका, तशीच उचलून न्या.

गळती बाहेरचीच असेल आणि ती नीट बंद केली असेल, तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच एटीएफ भरा. पातळी बहुतेक गाड्यांत तेल तापल्यावर, इंजिन चालू ठेवून बघतात. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र इंजिन बंद करून लगेच. मग पहिल्या लांब फेरीनंतर प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवून बघा.