मोजणीतच गडबड आहे

एका लेखात म्हटलंय की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचा शब्दसाठा तोकडा, कारण त्यांच्या निबंधांत वेगवेगळ्या शब्दांचं एकूण शब्दांशी प्रमाण कमी भरतं. पण हे प्रमाण मजकुराच्या लांबीवर नाचतं. मजकूर वाढला की 'द', 'ऑफ', 'अँड' पुन्हापुन्हा येतात आणि आकडा आपोआप घसरतो. ३०० शब्दांचा निबंध ९०० शब्दांच्या निबंधाशेजारी ठेवून काय कळणार? आधी दोन्हींतून सारख्या लांबीचे तुकडे घ्या, किंवा सलग ५० शब्दांची खिडकी एकेक शब्दाने पुढे सरकवत दर वेळी हे प्रमाण मोजा आणि त्यांची सरासरी काढा. 'गो', 'गोज', 'वेंट' एकच शब्द धरायचा की तीन, तेही आधीच ठरवा. आणि स्पेलिंग दुरुस्त करून घ्या. नाहीतर एकच शब्द तीन तऱ्हांनी चुकवणाऱ्याच्या खात्यात तीन नवे शब्द जमा होतात! (हा घोळ फार जणांकडून होतो.)

खरा फरक बऱ्याचदा शब्दांच्या जोड्यांत असतो. आपण परीक्षा 'देतो', म्हणून मराठी माणूस 'गिव्ह द एग्झाम' लिहितो; ब्रिटिश विद्यार्थी 'टेक' किंवा 'सिट' लिहील, त्याच्या लेखी 'गिव्ह' करणारा परीक्षक. मोठा पाऊस 'बिग रेन' होतो, 'हेवी' सुचत नाही. यातले सगळे शब्द पहिलीच्या पुस्तकातले. त्यामुळे अवघड शब्दांच्या याद्या पाठ करून हे सुधारत नाही. क्रियापद नेहमी त्याच्या नामासकट वहीत उतरवावं लागतं. शिवाय 'गिव्ह द एग्झाम' भारतीय इंग्रजीत इतकं रुळलंय की त्याला सरसकट चूक म्हणणंही मला पटत नाही.