पाच व्होल्ट कोठून घ्यावेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अर्डुइनो लिओनार्डो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड वापरून केलेल्या आणि लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टवर चालणाऱ्या माझ्या मिडी कंट्रोलरवरील (नॉब फिरवून संगणकातल्या संगीताला आज्ञा देणाऱ्या उपकरणावरील) लेखाविषयी आपण लिहिले आहे, की सोळा रंगीत एलईडींचा भार पोर्टला झेपणार नाही, व्होल्टेज घसरून नॉबची मूल्ये चुकतील, आणि म्हणून मोबाइलचा चार्जर बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेला जोडावा. यातला पहिला आक्षेप मला मान्य आहे आणि दुसरा निम्मा मान्य आहे. तिसरी सूचना मात्र कोणीही अमलात आणू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आपला हिशेब बरोबर आहे. डब्ल्यूएस२८१२बी जातीची एक एलईडी पूर्ण पांढऱ्या प्रकाशात सुमारे ६० मिलिअँपिअर घेते, म्हणजे सोळा एलईडींचे ९६० होतात, यूएसबी २.० पोर्टकडून ५०० पेक्षा जास्त मागता येत नाहीत. माझ्या प्रोग्रॅममध्ये प्रकाशाची तीव्रता २५५ पैकी ४० वर रोखलेली होती, पण ती ओळ तेथे का आहे हे मी लिहिले नाही, आणि ती चूक निखालस माझी आहे. त्या मर्यादेत सगळे दिवे पांढरे लावले तरी माझ्या मीटरवर संपूर्ण कंट्रोलर २०० मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. (अंधाऱ्या रंगमंचावर याहून जास्त उजेड डोळ्यांना खुपतोच.) आठ पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर) प्रत्येकी १० किलोओहमचे असल्यामुळे सर्व मिळून जेमतेम ४ मिलिअँपिअर घेतात. एक गोष्ट मात्र आपल्याही नजरेतून सुटली आहे: लिओनार्डो प्रत्यक्षात कितीही कमी वीज घेत असला, तरी संगणकाला ओळख देताना तो ५०० मिलिअँपिअरचीच मागणी नोंदवतो, त्यामुळे स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीवर), जेथे प्रत्येक पोर्टच्या वाट्याला १०० च येतात, संगणक त्याला नाकारू शकतो.

व्होल्टेजबाबत थोडा खुलासा करतो. पॉटला मिळणारे ५ व्होल्ट आणि ज्यांच्याशी तुलना करून बोर्ड ते मोजतो ते ५ व्होल्ट एकच असतात. म्हणून पुरवठा हळूहळू ४.७ वर आला तरी दोहोंचे गुणोत्तर बदलत नाही आणि नॉबचे मूल्यही हलत नाही. त्रास होतो तो सोळा दिवे एकदम लागतात तेव्हा, आणि तोही मुख्यतः पॉट व एलईडी यांची ग्राउंडची (प्रवाह परत नेणारी) तार एकच असेल तर. त्या तारा बोर्डापासूनच वेगळ्या न्याव्यात. बोर्ड नॉबचे मूल्य १०२४ पायऱ्यांत मोजतो, पण मिडीला त्यांपैकी १२८ च लागतात, तेव्हा मूल्य आठ पायऱ्यांहून कमी हलले तर ते पाठवूच नये. बारीक तारेची लांब, स्वस्त केबल टाळावी, हे आपले म्हणणे मला पूर्ण पटते.

आता चार्जर. ५ व्होल्टच्या पिनेला बाहेरून वीज दिली आणि यूएसबी केबलही जोडलेली असली, की दोन पुरवठे एकाच तारेवर समोरासमोर येतात, आणि चार्जरचे व्होल्टेज किंचित जरी जास्त असले तरी प्रवाह उलटा लॅपटॉपच्या पोर्टकडे वाहू लागतो. बोर्डावरचा ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज जास्त प्रवाह रोखतो. त्याहून कमी असलेला उलटा प्रवाह त्याला ओळखू येत नाही. म्हणजे ज्या पोर्टच्या काळजीने आपण हा उपाय सुचवला, धोका त्यालाच आहे.

पूर्ण तेज हवेच असेल, तर बाहेरचे ५ व्होल्ट फक्त एलईडींच्या पट्टीला द्यावेत, ग्राउंड दोघांचे एकत्र जोडावे, बोर्डाची ५ व्होल्टची पिन पट्टीपासून तोडावी आणि डेटाच्या तारेत (बोर्डाकडून एलईडींना आज्ञा नेणाऱ्या तारेत) ४७० ओहमचा रेझिस्टर घालावा. तो रेझिस्टर नसेल आणि चार्जर बंद असेल, तर बोर्ड डेटाच्या तारेतूनच पट्टीला वीज पुरवू पाहतो.

लेखातली आकृती मी त्याप्रमाणे सुधारली आहे. आपण चार्जर आधीच जोडला असेल, तर पुढच्या वेळी लॅपटॉपची केबल लावण्यापूर्वी ती तार कृपया काढून टाकावी.