"डायरेक्ट फिट आहे सर, अर्ध्या तासाचं काम": चार महिने झाले, अजून तो अर्धा तास संपला नाही

आज पोराच्या रिमोटवरच्या ट्रकचा तिसरा डिफ गेला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा. संध्याकाळी नदीपात्रात, पोरगं रिमोट धरून उभं, ट्रक समोर पंधरा-वीस पावलांवर, थ्रॉटल दाबला की आतून नुसती करकर आणि चाकं जागची हलेनात. तिथंच कळलं मला. घरी आणून उघडला तर मागच्या क्राउन गिअरचे (डिफमधल्या मोठ्या गिअरचे) चार दाते गायब, भुगा होऊन ग्रीसमध्ये कालवलेले. पोरगं काही बोललं नाही, फक्त "बाबा, आता परत तीन आठवडे का?" एवढंच विचारलं, आणि तेव्हापासून माझं डोकं असं फिरलंय की हे लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

आधी सांगतो काय होतं ते. एकास दहा स्केलचा रिमोटचा मॉन्स्टर ट्रक, फोर बाय फोर, पोराच्या दहाव्या वाढदिवसाला १४,५०० ला घेतलेला. आत साधी ब्रश्ड, म्हणजे कार्बन घासून चालणारी, ५५० साइजची मोटर, ७.२ व्होल्टची निकेलवाली बॅटरी. वर्षभर मस्त चालला, मातीत, वाळूत, पावसाळ्यात चिखलात सुद्धा. मग मोटरचे कार्बन झिजले. मिक्सरच्या मोटरचे झिजतात तसेच, फक्त इथं मोटर सीलबंद असते म्हणून कार्बन बदलता येत नाहीत, मोटरच बदलायची. नवी मोटर ९०० रुपयांची. नऊशे! मी तीच आणायला गेलो होतो दुकानात, तीच मागितली, खिशात तेवढेच पैसे काढून ठेवले होते.

तर काउंटरवरचा म्हणे, "सर कशाला परत ब्रश्ड टाकताय, ब्रशलेस टाका ना, पॉवर बघा कसली येते, तुमच्या मॉडेलला डायरेक्ट फिट आहे, प्लग अँड प्ले, अर्ध्या तासाचं काम." मी दोनदा विचारलं, दादा नक्की ना, बाकी काही बदलावं लागणार नाही ना? "काहीच नाही सर, चार स्क्रू." मोटर आणि ईएससीचा (मोटरला करंट सोडून वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) कॉम्बो, ६,८०० रुपये. घेतला.

आता एक स्पष्ट सांगतो, ब्रशलेस मोटरवर माझा राग नाही. मोटर एक नंबर आहे. आत घासणारं काही नाही, चुंबक फिरणाऱ्या रोटरवर, वाइंडिंग बाहेर स्थिर, ईएससी तीन वायरींमधून आळीपाळीने करंट सोडतो आणि रोटर त्यामागे धावतो. कार्बन नाहीत, ठिणग्या नाहीत, बेअरिंग सोडलं तर झिजण्यासारखं काही नाही. हे सगळं खरं आहे. राग आहे तो "डायरेक्ट फिट" या दोन शब्दांवर आणि ते शब्द तोंडातून काढताना ज्याला काडीचीही जबाबदारी वाटली नाही त्याच्यावर.

घरी आलो, खोका उघडला. मोटरचा शाफ्ट ५ मिलिमीटर. जुन्या मोटरचा ३.१७५. म्हणजे जुना पिनियन, मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर, नव्या शाफ्टवर चढतच नाही! पहिल्या दहा मिनिटांत गाडी अडली, कॉम्बोमध्ये पिनियन दिलेलाच नाही आणि खोक्यावर शाफ्टचं माप छापलेलं नाही. छापलंय काय तर "हाय पॉवर", "एक्स्ट्रीम स्पीड" आणि पेटलेल्या ट्रकचं चित्र. दुकानात फोन केला तर "सर पिनियन आपल्याकडे नाही, ऑनलाइन बघा." ऑनलाइन बघितलं तर वर्णनात फक्त "मेटल गिअर ५ एमएम". अरे पण पिच, म्हणजे दात्यांचं माप, कुठला? माझ्या ट्रकचा स्पर गिअर, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर, ०.८ मोड्युलचा, म्हणजे जवळपास ३२ पिच, आणि आला तो ४८ पिचचा, दाते एवढे बारीक की दोन्ही शेजारी ठेवले तरी नुसत्या डोळ्यांनी फरक दिसतो. परत घेणार नाही म्हणाले, पाकीट फोडलंय म्हणून. पाकीट न फोडता दाते मोजायचे कसे?

मग म्हटलं जुन्याच पिनियनचं भोक मोठं करून घेऊ. पुण्याजवळ भोसरीला एका लेथवाल्या काकांकडे गेलो. त्या माणसानं पाच मिनिटं तो एवढासा गिअर हातात फिरवून बघितला, फाइल मारून बघितली, म्हणाले, "साहेब, हा हार्डन केलेला आहे, साधं ड्रिल लागणार नाही, कार्बाइडनं बोअर करीन पण एवढासा जॉब धरायचा कसा, पाच शतांश मिलिमीटर जरी सेंटर हललं तर हा गिअर लंगडा फिरणार. किती आरपीएम आहे मोटरचा?" मी हिशोब करून सांगितला. ३३०० केव्हीची मोटर, ११.१ व्होल्टची बॅटरी, गुणाकार केला की ३६,६३०. काका हसले सुद्धा नाहीत, गिअर परत माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले नका करू. एक रुपया घेतला नाही. ज्याचा या धंद्याशी संबंध नाही त्या माणसानं आरपीएम विचारला, आणि जो रोज हेच विकतो त्याला केव्ही म्हणजे काय ते माहीत नाही! "जास्त केव्ही म्हणजे जास्त पॉवर सर" असं सांगितलं होतं मला. केव्ही म्हणजे एका व्होल्टला रिकामी मोटर किती आरपीएम फिरते तो आकडा, पॉवरशी त्याचा थेट संबंध नाही, उलट जड मॉन्स्टर ट्रकला एवढी मोठी चाकं असताना कमी केव्हीचीच मोटर बरी पडते. हे मी रात्र रात्र जागून शिकलो. काउंटरवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

पुढचं ऐका. ट्रकमधला जुना ईएससी आणि रिसीव्हर एकाच डबीत, टू-इन-वन. नवीन ईएससी लावायचा म्हणजे ती डबी काढायची, डबी काढली की रिसीव्हर गेला, रिसीव्हर गेला की जुना रिमोट गेला कारण तो दुसऱ्या कुठल्या रिसीव्हरला बाइंडच होत नाही, जोडलाच जात नाही. रिमोट आणि रिसीव्हरचा नवा सेट, ३,९०० रुपये. पुढं गाडी चालू झाल्यावर जुन्या सर्वोचे (पुढची चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचे) प्लास्टिकचे दाते दुसऱ्याच दिवशी मोडले, कारण आता ट्रक ज्या वेगात वळतो त्या वेगासाठी तो सर्वो बनलेलाच नाही. त्याचे १,४००. चार स्क्रू म्हणाला होता!

आणि आता ती गोष्ट जिच्यावर मी सगळ्यात जास्त भडकलोय. त्याच दुकानातून मी थ्री-एस लायपो, म्हणजे तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी घेतली, ४,२०० ची, आणि विचारलं की चार्जर? तर म्हणाला, "जुनाच चालेल सर, कनेक्टर बदलून घ्या." जुना चार्जर निकेलचा! निकेलचा चार्जर बॅटरीचं व्होल्टेज शेवटी किंचित पडायची वाट बघत करंट ढकलत राहतो, लायपो तसं वागतच नाही, लायपोचा सेल ४.२ व्होल्टला थांबवावाच लागतो, तिन्ही सेल बॅलन्स करावे, म्हणजे सारख्या व्होल्टवर आणावे लागतात, नाहीतर बॅटरी फुगते आणि पेटही घेऊ शकते. मी त्या रात्री सहज वाचायला बसलो म्हणून मला कळलं. नसतो बसलो तर? चार्जर पोराच्या खोलीत टेबलावर असतो, पलंगापासून तीन फुटांवर. एकट्या सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या (लायपो त्यातच येते) प्रवासी विमानाच्या कार्गोतून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून जगभर बंदी आहे, आणि आमची बॅटरी रस्त्यानं आली, दहा दिवस लागले, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, नियम बरोबरच आहे. पण ज्या वस्तूला प्रवासी विमानाच्या कार्गोत बसू देत नाहीत ती विकताना माणूस "जुनाच चालेल" म्हणतो? दुसऱ्या दिवशी जाऊन तोंडावर बोललो तर खांदे उडवले त्यानं. बॅलन्स चार्जर ३,२०० चा मी दुसरीकडून घेतला, आणि चार्जिंग आता बाल्कनीत, फरशीवर, मी समोर बसून.

कनेक्टरचं तर विचारूच नका. जुन्या बॅटरीला पांढरा टॅमिया कनेक्टर, ईएससीला टी-प्लग, लायपोला एक्सटी-६०. पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन एक्सटी-६० च्या जोड्या आणल्या, आणि १२ गेजची ती जाड वायर माझ्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नला दाद देईना, टाका वरवर चिकटायचा आणि ओढला की सुटायचा. साठ वॅटचं आयर्न घेतलं तेव्हा कुठं जमलं.

एवढं करून गाडी एकदाची चालू झाली तर सुरुवातीलाच थरथरायला लागली. हळू थ्रॉटल दिला की चाकं पुढं-मागं अडखळतात. पोराचं तोंड उतरलं. दुकानदार म्हणे रिमोट खराब आहे. रिमोट खराब नव्हता, मोटर सेन्सरलेस आहे, रोटर कुठं आहे हे ईएससीला मोटर फिरायला लागल्यावर मागे येणाऱ्या व्होल्टेजवरून कळतं, उभ्या गाडीत ते व्होल्टेजच नसतं म्हणून सुरुवात अंदाजानं होते. हा त्या मोटरचा स्वभाव आहे. सांगा ना मग आधी! सेन्सरवाली घेतली असती मी, थोडे पैसे जास्त गेले असते.

त्यात बसवलेला दुसरा पिनियन १७ दात्यांचा मागवला होता, कारण दुकानदार म्हणाला होता जुन्याला होते तेवढेच दाते घ्या. सहा मिनिटांत मोटरला हात लावता येईना. टेंपरेचर गन लावली तर ९६ डिग्री. या तापमानात आतले चुंबक कमजोर व्हायला लागू शकतात आणि एकदा गेलेली ताकद परत येत नाही. मोटर जोरकस झाली, बॅटरीचे व्होल्ट वाढले, तर पिनियनचे दाते कमी करायचे असतात हे साधं गणित आहे. तिसरा पिनियन, १३ दात्यांचा, तीन आठवड्यांनी आला. मग तो बसवला, स्पर आणि पिनियनच्या मध्ये कागदाची पट्टी धरून गॅप लावली, मोटर थंड राहिली, आणि त्या दिवशी मला वाटलं सुटलो.

कसला सुटतोय. प्लास्टिकचा स्पर गिअर पहिल्याच रविवारी सोलला गेला. स्टीलचा टाकला. तर प्लास्टिकचे ड्राइव्ह शाफ्ट पिळून निघाले, ओला टॉवेल पिळतात तसे. स्टीलचे सीव्हीडी (सांधेवाले) शाफ्ट टाकले, ३,८०० चा सेट. तर डिफ. जोर कुठं तरी निघणारच, जो भाग सगळ्यात कच्चा तिथं निघतो, तो पक्का केला की पुढचा. पूर्ण थ्रॉटलला टायर फुगून पापडासारखे उंच होतात ते वेगळंच, रिमला लावलेला डिंक सुटायला लागलाय. हे सगळं कुणाला माहीत नव्हतं असं नाही हो. डिफ मागायला गेलो तेव्हा तोच माणूस मला सहज म्हणाला, "हो सर, ब्रशलेस टाकल्यावर डिफ जातातच." जातातच! मग विकताना तुझी जीभ का लुळी पडली होती?

वर सारखं एकच रडगाणं, "ड्युटी वाढलीय सर, स्पेअर येत नाहीत." वाढलीय, मान्य आहे. खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के केली, २०२३ ला ७० केली. माल कमी येतो, महाग येतो, धंदा अवघड आहे, हे मला कळतं आणि त्यावर मी कधी घासाघीसही करत नाही. पण शाफ्ट ५ मिलिमीटर आहे हे सांगायला ड्युटी लागते का? चार्जर बदला हे सांगायला कुठला पार्ट इम्पोर्ट करावा लागतो?

काल रात्री सगळी बिलं काढून बेरीज केली. मोटर, रिमोट, सर्वो, बॅटरी, चार्जर, तीन पिनियन, स्पर, शाफ्ट, दोन डिफ सेट, मिळून २९,५००. कुरियर आणि आयर्न धरलेलं नाही. १४,५०० च्या ट्रकवर. एवढ्यात मुळातच ब्रशलेस बनवलेला, स्टीलच्या डिफचा ट्रक आला असता, वर पैसे उरले असते. आणि पोराची उन्हाळ्याची सगळी सुट्टी गेली, ट्रक लाकडी ठोकळ्यावर चाकं वर करून टेबलावर, आणि हा रोज शाळेच्या मित्रांना सांगतोय की पुढच्या रविवारी दाखवतो. ते पैसे मी परत कमवीन. ती सुट्टी कुठून आणू?

आत्ता टेबलावर तो भुगा एका प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवलाय. सोमवारी दुकान उघडायच्या वेळेला जाणार आहे, ट्रक घेऊन, बिलं घेऊन, ती पिशवी घेऊन. काउंटरवर सगळं मांडणार आणि म्हणणार, हे चार स्क्रू, हा अर्धा तास, बसव माझ्यासमोर, मी उभा आहे.